वीणेचा पहारा

आमच्या बदलापूरच्या चॅनलच्या वाढदिवसाला स्टुडिओतच हरिनाम सप्ताह बसतो, माझ्या कॅमेऱ्यातून घरोघरी लाइव्ह दिसतो. यंदा वीणा घेऊन पहाऱ्याला मालक बाळारामकाका उभे होते. वीणा खाली ठेवायची नसते, हातातून हातात द्यायची असते. बिल्डरचा गुंड कल्पेश रॉड घेऊन घुसला. "काका, नदीतल्या भरावाची बातमी बंद करा, नायतर इथंच आडवं करीन!" "बातमी उद्यापण चालणार," काका म्हणाले. पहिल्या फटक्यात खांदा मोडला, दुसऱ्यात कपाळ फुटलं. कोसळताना त्यांनी वीणा पुढे केली. कल्पेश शेवटी माळकऱ्याचा पोरगा. रॉड टाकून त्याने झेलली. दार उघडं होतं, तरी तो हलेना. वीणा घ्यायला कोणी सरसावेना. मी कॅमेरा हलवला नाही. पोलीस बेड्या घेऊन आले. "साहेब, आधी ही कोणीतरी घ्या!" पडलेल्या काकांनी हात पुढे केला. "आण लेका, पहारा माझाच आहे."