भुईमूग राणीची मुलगी

पातेल्यावरचं झाकण खडखडलं. उकडत्या शेंगांखालचा गॅस मी बारीक केला. टेबलाशी ओपल माझा मुकुट घालून शेंगा सोलत होती. अलाबामातल्या आमच्या गावच्या शेंगांच्या जत्रेत सौंदर्यस्पर्धा होते; तिथली यंदाची भुईमूग राणी मी, आणि ही माझी पाच वर्षांची लेक. "मग काय ठरवलंस?" स्पर्धेचं सगळं बघणाऱ्या व्हर्नेलमावशी म्हणाल्या. "ही तुझी लेक, हे गावाला ठाऊकच आहे गं. पण पुढच्या मोठ्या स्पर्धेत मूल असलेली मुलगी चालत नाही. आठवडाभर हिला धाकटी बहीण म्हण. जिंकलीस की कॉलेजचा सगळा खर्च त्यांचा. नर्स व्हायचंय ना तुला?" "व्हायचंय. पण माईक हातात आला की मी पहिलं हिचंच नाव घेणार. बाहेर काढायचं तर सगळ्यांसमोर काढू देत." "मग मला दुसरीला पाठवावं लागेल. हट्टानं कॉलेज मिळत नाही, पोरी." "मिळतं, मावशी. कोंबड्या कापायच्या कारखान्यात राबून मिळतं. चारऐवजी आठ वर्षं लागतील, एवढंच." मावशींनी सुस्कारा सोडला. ओपलच्या केसांतल्या पिना एकेक करून हलक्या हातानं काढल्या आणि मुकुट खोक्यात घालून सोबत नेला. त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत ओपल आपलं डोकं चाचपत बसली होती. मग सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवत तिनं विचारलं, "आई, मी नसते, तर मुकुट तुझ्याकडेच राहिला असता ना?"