आवडेल तो घे

रायनाने तीन कापडी डायपर पलंगावर मांडले. एक चड्डीसारखा ओढून घालायचा, एक पुढे बटणांचा, एक दोन्ही बाजूंनी उघडणारा.

"आई, आवडेल तो घे. धुवायला मी आहे ना."

लेकीच्या त्या शब्दांनी माझी अर्धी लाज गेली. मी चड्डीसारखा उचलला. "हा माझा मला घालता येईल."

"बाजूंनी उघडणारा घे गं. झोपलेल्या माणसाचाही बदलता येतो."

"झोपतंय कोण? मी अजून द्राक्षांच्या मांडवावर चढते!"

ती हसली नाही. तिने पिशवीतून बाजूंनी उघडणारे आणखी सहा काढले. प्रत्येकावर लाल दोऱ्याने माझं नाव शिवलेलं होतं : नेदेल्का दिमोवा.

"घरात हे घालणारी मी एकटी. मग नाव कशाला?"

"तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, आई."