दाराकडे पाठ

"जिन्यातली वाळू कुठे गेली?" पहाऱ्यावरच्या पोलिसाने दार आतून लावून घेत विचारले.

"मी झाडून काढली सकाळी." आत्या टेबलावर ताटल्या मांडत होती. "घरात दोन-दोन बाया असून उंबऱ्याबाहेर केर! लोक काय म्हणतील?"

त्याने कपाळावर हात मारला नाही. पण तो मारायचा राहिला, हे दोघींच्याही लक्षात आले. ती वाळू त्यानेच पसरली होती. बुटाखाली ती करकरते, आणि कोणी वर येऊ लागले की आतल्या माणसाला आधी कळते.

"अहो आत्या, तो केर नव्हता. तो माझा कान होता."

"मग कान आपल्या जागेवर ठेवावा. लोकांच्या पायाखाली कशाला?"

आत्याची भाची हसली, पण ते हसू फार टिकले नाही. ती परिचारिका होती. वॉर्डातल्या एका रुग्णाच्या तोंडावरची प्राणवायूची नळी काढून घेताना तिने ज्याला पाहिले होते, त्याला आज दुपारी न्यायालयात ओळखायचे होते. ती तिथवर पोहोचू नये, म्हणून त्याची माणसे तिला शोधत होती. आता जेवायचे, आणि खाली गाडी आली की निघायचे, एवढेच उरले होते.

पोलीस नेहमीच्या खुर्चीवर बसला. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, उजव्या हाताशी रुमालाखाली पिस्तूल. डावा हात त्याने टेबलावर पुढे केला. जेवणाआधी तिघे हात धरत, दोघी डोळे मिटत, आणि भाची प्रार्थना म्हणे. शेवटचे 'आमेन' तोही म्हणे, अगदी वेळेवर. मात्र त्याचे डोळे सगळा वेळ दारावर असत. तिने ते कधी पाहिले नव्हते; तरी तिला ते ठाऊक होते.

आज तिने प्रार्थना सुरू केली नाही.

"तुम्हाला काही मागायचं नाही का?"

"मी आमेन म्हणतोच की."

"ती आमच्या अर्जावरची सही झाली."

"आणि तीही उघड्या डोळ्यांनी," आत्या म्हणाली. "झाकण न ठेवता चहा मुरवायचा म्हणतो हा."

"आत्या, डोळे मिटले तर नोकरी जाईल माझी."

"नोकरीचं राहू दे. आधी हिला सिस्टर सिस्टर म्हणून हाका मारायचास. हल्ली म्हणत नाहीस, ते का ते सांग."

पोलिसाने सरळ ठेवलेला चमचा आणखी सरळ केला. भाची एकदम उठून उभी राहिली.

"उठा. माझ्या जागी बसा," ती म्हणाली. "दाराकडे मी बघते."

"तसं नाही करता येत."

"का नाही? वॉर्डात मी दुसरं काय करते? माणसं डोळे मिटतात आणि मी बघत बसते."

"आणि कोणी आलं तर?"

"हात दाबीन."

त्याने दाराची कडी पुन्हा एकदा पाहून घेतली. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीवर दाराकडे पाठ करून बसला. पाठ उघडी पडलेल्या माणसासारखे त्याचे खांदे वर आले होते. त्याच्या जागी बसून तिने त्याचा हात धरला. त्याने पिस्तुलाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि डोळे मिटले.

त्याचे ओठ हलू लागले. सवय मोडलेल्या माणसाचे ते मागणे होते. मध्येच थांबत होते, पुन्हा शब्द शोधत होते. त्याचा चेहरा इतका निर्धास्त तिने आजवर पाहिला नव्हता. तो डोळे भरून पाहावा असे तिला फार वाटले. पण तिने शब्द दाराबद्दल दिला होता. ती दाराकडेच पाहत राहिली.

दाराखाली जिन्यातल्या उजेडाची एक पट्टी होती. ती पट्टी दोन ठिकाणी तुटली.

पावलांचा आवाज आला नव्हता. जिना स्वच्छ झाडलेला होता. कोणीतरी दाराबाहेर उभे होते आणि पुढे जात नव्हते. तिच्या अंगातले रक्त जणू बोटांतून निथळून गेले. आत्याचे डोळे मिटलेले होते. त्याचे ओठ अजून हलत होते. तिची बोटे त्याच्या हातावर आवळायला निघाली.

तेवढ्यात बाहेर श्वास ऐकू आला. लांबलेला, शेवटी बारीक शीळ घालणारा. असल्या छात्या ऐकण्यात तिची वर्षे गेली होती. ही छाती तिच्या ओळखीची होती: वरच्या मजल्यावरचे आजोबा. ते प्रत्येक वळणावर भिंतीला हात टेकून दम खात.

तिने बोटे आवळली नाहीत. ती थांबली.

सावली सरकली. उजेडाची पट्टी पुन्हा सलग झाली. थोड्या वेळाने वर कुठेतरी कडी वाजली, आणि मगच तिने श्वास सोडला.

त्याने प्रार्थना पुरी केली. डोळे उघडले, पण मान वळवली नाही.

"गेले का?" त्याने विचारले.

ती दचकली. "वरचे आजोबा होते. पण तुम्हाला कसं कळलं?"

"हात बर्फासारखा झाला होता तुमचा."

"कळलं होतं, आणि तरी वळला नाहीत? साधे डोळेसुद्धा उघडले नाहीत?"

तिचा हात त्याने अजून सोडला नव्हता.

"तुम्ही बघत होतात ना," तो म्हणाला.