दारामागचा पट्टा

“ऑफिसातलं घरी सांगायचं नाही आणि माझ्या घरचं कुठेच सांगायचं नाही.” निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं. काकांनी ते व्रतासारखं पाळलं होतं.

आज समोर देखरेख आयोगाच्या तपासनीस बाई बसल्या होत्या. लोकप्रतिनिधी सरकारी नोकरांना घरकामाला जुंपतात का, हे पाहणं त्यांचं काम. चहा त्यांनी नाकारला. पाण्याची बाटलीही स्वतःचीच.

“तुम्ही साहेबांचे स्वीय सहायक. संध्याकाळी त्यांचा कुत्रा कोण फिरवतं?”

“कुत्र्याचं खातं माझ्याकडे नाही, बाई.”

बाई हसल्या नाहीत. “मग त्याचा पट्टा तुमच्या घरी दारामागे का टांगलेला असतो?”

काकांनी समोरची फाईल उगाच सरळ केली.

“उद्या सांगा,” बाई उठल्या. “आणि तक्रार कुणाची, ते विचारू नका. आम्ही सांगत नाही.”

घरी येऊन काकांनी पिशवी आपटली आणि व्रत मोडून काकूंना चौकशीचं सांगितलं. “ऑफिसातल्या त्या टायपिस्टचंच काम. साहेबांनाही तोच संशय आहे, तिला उद्याच घरी बसवणार आहेत.”

“तिच्यावर आळ घेऊ नका,” काकू हळूच म्हणाल्या. “तिनं काही केलेलं नाही.”

“तुला काय माहीत?”

“तुम्हीच म्हणता ना, पोरगी गुणी आहे. उद्या खरं सांगून टाका. म्हणजे तिच्यामागचं झेंगट सुटेल.”

“आणि माझी नोकरी गेली तर?”

“तर संध्याकाळी घरी असाल.” काकू पुढे म्हणाल्या, “लेकीचा फोन होता. महिनाअखेरीला तिच्या नाटकाचा प्रयोग आहे. येईन म्हणून तिला शब्द दिलाय तुम्ही.”

“साहेबांनी सोडलं तर.”

काकूंनी ताटं घेतली. हे उत्तर जुनंच होतं. प्रत्येक प्रयोगाला शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्या आपली पर्स ठेवत.

काकांना रात्रभर त्या टायपिस्टचा चेहरा दिसत राहिला. सकाळी त्यांनी बाईंपुढे सगळं ओतलं. कुत्रा, भाजी, साहेबांच्या सासूबाईंची दुरुस्तीला नेलेली कवळी, सगळं.

आकाश काही कोसळलं नाही. साक्षीदाराच्या केसालाही धक्का लावता येणार नाही, असं आयोगानं साहेबांना कळवलं. भर सभागृहात साहेबांना माफी मागावी लागली. टायपिस्ट आपल्या खुर्चीवर राहिली. कुत्र्याला आता साहेब फिरवतात. म्हणजे कुत्राच त्यांना फिरवतो, असं शेजारी सांगतात.

महिनाअखेरीला काका उजेडातच घरी आले. दारामागचा खिळा मोकळा होता. इस्त्रीचा शर्ट घालता घालता ते म्हणाले, “ज्या कुणी तक्रार केली, त्या भल्या माणसाचे एकदा पाय धरायला हवेत.”

काकूंनी पर्स खांद्याला अडकवली.

“पाय कसले धरताय? चपला घाला. एवढ्यासाठीच तर केली मी.”