तारांची उंची

"बाकी सगळं शिकवा काका, पण या स्क्रूंना हात लावायचा नाही," रुबीना म्हणाली आणि तिने गिटारच्या घोडीवर, तारा उचलून धरणाऱ्या पट्टीवर, तळहात ठेवला.

उत्तरेश्वरने बारीक पाना खाली ठेवला. तिच्या अब्बांच्या बँडमध्ये तो कॅसिओ वाजवायचा. आता वडवणीत साउंडचं दुकान चालवत होता. अब्बा गेल्यापासून कपाटावर पडलेली गिटार घेऊन ती आली होती. दांडीवरच्या पितळी पडद्यांवरचा काळा थर तिने पुसला, आवाजाच्या बटणाची खरखर घालवली, नव्या तारा स्वतः चढवल्या. प्रत्येक ठिकाणी कारण विचारणारं तिचं "कावून?" तयार होतं. पण तारा इतक्या उंच होत्या की दाबताना बोटं थरथरत आणि सूर फुटत.

"अशानं वाजवणार कशी तू? तारा हायेत का कपडे वाळू घालायची दोरी?"

"अब्बांनी ठेवलीय ही उंची. त्यांच्या हाताची आहे, राहू द्या. वरातीत जोरात वाजवायचे ना, तारा करकरू नयेत म्हणून असेल."

"मुनव्वर?" अब्बांचं नाव घेत उत्तरेश्वर हसला. "लई हलका हात त्याचा. आमी चिडवायचो, गिटार वाजवतो का लेकरू थोपटतो बे?"

"मग उंच कावून?"

तो फडक्याने पाना पुसत राहिला.

"शुगरनं बोटं बधिर झालती. तार कुठं हाय, कळायचंच न्हाई. उंच केली की बोटाला जरा चावायची. थोडे दिवस गेले की यायचा, अजून वर घे म्हणायचा. घरी सांगू नको म्हणायचा. ह्या स्क्रूला त्यानं न्हाई, मीच हात लावलाय."

मागच्या हिवाळ्यात अब्बा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. थंडी वाजते समजून तिने त्यांना स्वेटर आणून दिला होता.

"त्याच्या अगोदर किती होती?" तिने विचारलं.

उत्तरेश्वरने खणातून कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका काढली, दोन घड्या घातल्या आणि तारांखाली सरकवली.

"एवढी. मोजपट्टी कुणाकडं होती? ज्याच्या लग्नात वाजवायचं, त्याचीच पत्रिका."

पत्रिका आणि तारा यांच्यात ढळढळीत फट होती. रुबीनाने वाकून ती पाहिली. मग पान्यासाठी हात पुढे केला.

"उलटं फिरव. एकेका तारेचे दोन्ही स्क्रू सारखे."

तारा एकेक करून उतरत पत्रिकेला टेकल्या. एक जास्तच उतरली, छेडली तर करकरली. तिने ती किंचित वर घेतली.

"आता वाजव."

तिने वाजवलं नाही. बारीक तार नुसती दाबली. ती सहज खाली गेली, कुठे आहे ते बोटाला कळलं. बोट उचललं तर टोकावर लालसर रेघ उठली होती. दाराच्या उजेडात बोट धरून ती रेघ पुसट होईपर्यंत तिने पाहिली, आणि पुन्हा तार दाबली.