पारधीचा वाटा

“तिकडच्या हरणांना काय दावणीला बांधतात की काय?” मालिनीनं रंगीत पुस्तिका उलटसुलट करत विचारलं. “म्हणे हमखास शिकार! मग त्यात शिकार ती कसली?”

भास्कर बायकोच्या या थट्टेवर हसला नाही. ओटीवर बसून तो आंब्याच्या पेटीला खिळे ठोकत होता. ठोकता ठोकता खिळा वाकडा गेला.

पुस्तिका अमेरिकेहून आली होती. त्याची पुतणी उमा टेक्सासात असायची. तिच्या नवऱ्याच्या ओळखीतल्या कुणी मोठं कुरण कुंपण घालून नुकतंच शिकारीला खुलं केलं होतं. वाट दाखवायला माणूस सोबत, बसायला मचाण, राहायला लाकडी घर. जावई तिकीट काढायला एका पायावर तयार. इकडे सरकारनं शिकार बंद केल्याला बारा वर्षं होत आली होती, आणि आमच्या भास्करसारखा नेमबाज रत्नागिरीत दुसरा नाही, असं उमाच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जावयाला छातीठोक सांगून टाकलं होतं.

अण्णा भास्करचे थोरले भाऊ. इथंच मिरजोळ्यात, मधल्या दगडी गडग्यापलीकडं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहायचे. सकाळीच ते येऊन बजावून गेले होते.

“संध्याकाळी उमाचा फोन येईल. हो म्हणून सांगतो. जा रे बाबा! एकदा बार काढ, म्हणजे मनातलं भूत उतरेल.”

“तुम्हीही चला ना.”

“मी? मासळीसुद्धा सोडलेला माणूस मी. मी कसली हरणं मारतोय!”

भूत म्हणजे धाकू. मंडणगडच्या रानात दोघा भावांनी केलेल्या शेवटच्या पारधीत धाकू हाकारा घालून जनावर उठवायला होता. दोघे भाऊ शेजारशेजारच्या जागा धरून बसले होते. झुडूप हललं, भेकर उठलं असं वाटलं, भास्करनं बार काढला, आणि झुडपातून माणूस ओरडला.

अण्णा धावत आले होते. “काय केलंस रे हे! माझा तर बार उडालाच नाही, काडतूस दमट निघालं.”

“मला दोन आवाज आले, अण्णा.”

“दरी आहे ती. एका बाराचे दोन होतात.”

पुढचं सगळं अण्णांनीच निस्तरलं. धाकू कड्यावरून घसरला, असं त्यांनी गावात सांगितलं. जो तो गप्प बसला. धाकूनं घरी संध्याकाळपर्यंत दम काढला आणि गेला. त्याची बायको येसूबाई, तिला अण्णांनीच बागेत कामाला आणलं, खोपटं बांधून दिलं. बापानं केलं नसतं ते थोरल्या भावानं केलं, असं भास्कर अजून म्हणायचा.

पण दुपारी बागेत कुणी माकडं हाकलायला ओरडलं, तरी याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. तो धाकूचाच आवाज वाटायचा.

“हे बघा,” मालिनी म्हणाली, “हरणाचं डोकं पेंढा भरून घरपोच देतात. आपल्यासारखंच की! ज्याचा बार लागला, मुंडकं त्याचं.”

पारधीचा कायदाच तो. हाकाऱ्याला वाटा, बघायला आलेल्यालाही वाटा, कुत्र्यालासुद्धा वाटा. पण मुंडकं मात्र ज्याचा बार लागला त्यालाच. त्यावरून कधी भांडण होत नसे.

“आज शिमग्याचा तिसरा दिवस ना?” भास्करनं विचारलं.

“हो. येईलच येसूबाई.”

धाकू गेला त्या दिवशी येसूबाई दरवर्षी त्याच्या नावानं कोंबडा कापायची आणि दोघा भावांना कच्चा वाटा पोचवायची. त्यांची शेवटची पारध, वाटा नको का घालायला, असं म्हणायची. भास्करला पानात बांधलेली तंगडी मिळायची. मालिनी ती शिजवायची, आणि हा जेवणावरून उठून जायचा.

“अण्णा तर खात नाहीत. त्यांच्या वाट्याचं काय करतात हो?” मालिनीनं विचारलं.

“कुत्र्याला घालत असतील.”

गडग्यापलीकडून कुदळीचा आवाज येत होता. या दिवशी अण्णा कलमांच्या मागं स्वतः खड्डा खणायचे. खत पुरतोय म्हणायचे. एवढे गडी असताना मालकाला ही हौस, म्हणून माणसं हसायची.

भास्करनं हातोडी खाली ठेवली. हरणामागं जाऊन भूत उतरणार नव्हतं. ते उतरायचं तर एकाच माणसासमोर. मग ती शिव्या देवो, नाहीतर चौकीवर जावो.

येसूबाई टोपली घेऊन अंगणात आली. तिनं एक पुडा पायरीवर ठेवला. भास्कर खाली उतरला आणि सरळ तिच्या पायांवर वाकला.

“अगो बाय! ह्यां काय करताव, दादानू?”

“येसूबाई, धाकू कड्यावरून पडला नाही. माझ्या गोळीनं गेला. इतकी वर्षं तोंड उघडलं नाही मी. माफ कर म्हणायचं तोंडही नाही मला.”

येसूबाई चिडली नाही, रडली नाही. तिच्या डोळ्यांत उलट त्याचीच कीव दाटून आली.

“तुमाला कुनी सांगितलान, तुमची गोळी म्हनून?” तिनं हळूच विचारलं. “आमच्या मानसानं तर मरताना मला समदं सांगितलंनी. म्हनून तर दरसाल वाटा घालतंय मी.”

ती वाकली आणि पायरीवरचा पुडा उघडून त्याच्यापुढं धरला. आत तंगडी होती, दरवर्षीसारखी.

मग तिनं टोपली उचलली आणि गडग्याच्या खिंडीतून पलीकडं गेली. कुदळीचा आवाज थांबला.

“अण्णानू, तुमचा वाटा हाडलंय,” तिचा आवाज आला, आणि तिनं टोपलीतून दुसरा पुडा वर काढला. पानाबाहेर कोंबड्याचा लाल तुरा आला होता.