अकरा प्रश्न

गणिताच्या बाईंना नवऱ्याने डॉक्टरांकडे आणलं ते एका कागदासाठी. आठवड्यापूर्वी त्या वर्गातच भोवळ येऊन पडल्या, तोंडाला वास येत होता, आणि मुख्याध्यापकांनी 'व्यसन नाही' असं डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगितलं होतं. व्यसन तपासायचे ठरलेले अकरा प्रश्न डॉक्टर एकेक करून बाईंकडे बघून विचारत होत्या आणि उत्तरं नवराच देत होता.

"ठरवता त्यापेक्षा जास्त घेतली जाते?"

"छे हो. ही घेतच नाही."

"सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही, असं होतं?"

"आमच्या घरात तसलं काही नाही, डॉक्टर."

अकराव्या प्रश्नालाही 'नाही' म्हणून झाल्यावर त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि बायकोला म्हणाला, "चल, ऊठ. मिटलं एकदाचं."

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून शाळेत न्यायची पाण्याची बाटली काढली, डॉक्टरांसमोर ठेवली आणि झाकण उघडलं. दारूचा वास खोलीभर पसरला.



"आता पहिल्या प्रश्नापासून पुन्हा विचारा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना जरा बाहेर बसवा."